अरुंधती दाखवण्याची रीत

लग्नात सप्तपदी झाली की नवरा नवरीला ध्रुव आणि अरुंधती दाखवतो. आता बहुतेक लग्नं दिवसा लागतात, कार्यालयाला पक्कं छत असतं. गुरुजी सांगतील त्या दिशेला दोघं मान वर करतात आणि विधी पुढे सरकतो. पण ज्यांनी हा विधी बसवला, त्यांच्या डोळ्यांपुढे खरंखुरं रात्रीचं आकाश होतं. अरुंधती हा बारीक, पुसट तारा. नुसतं बोट दाखवून तो कुणाला सापडत नाही. म्हणून आधी सप्तर्षी दाखवायचे. मग त्यांच्या शेपटीतला मधला ठळक तारा, वसिष्ठ, दाखवायचा. नजर तिथे ठरली की सांगायचं, आता त्याला अगदी चिकटून असलेला बारीक ठिपका बघ. जुन्या पंडितांनी या रीतीला अरुंधतीदर्शनन्याय असं नावच देऊन टाकलं. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रांवरच्या भाष्यात हा दाखला वापरला आहे, तो तत्त्वज्ञान समजावताना. आपण तो पुन्हा आकाशाकडे आणू.

कारण आकाश शिकण्याची याहून चांगली रीत मला माहीत नाही. ठळकाचं बोट धरायचं आणि पुसटापर्यंत जायचं. शनिवारी रात्री दोन तास, महिन्यातून एकदा किंवा दोनदा, एवढ्यावर हा छंद सुरू होतो. त्यासाठी पहिल्या वर्षी दुर्बीण लागत नाही. मी तर म्हणेन, पहिल्या वर्षी दुर्बीण घेऊच नका.

हे मी अनुभवानं सांगतो. मी पहिली दुर्बीण घेतली तेव्हा तिच्या खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘४५० पट’ असं छापलेलं होतं. भिंग होतं ६० मिलिमीटर व्यासाचं. भिंगाच्या दर मिलिमीटरमागे फार तर दोन पट, हा दुर्बिणीचा साधा हिशेब मला तेव्हा कुणी सांगितला नव्हता. म्हणजे ६० मिलिमीटरला १२० पट ही मर्यादा. त्यापुढे प्रतिमा मोठी होते, पण नुसती धूसर आणि काळपट. तिवई इतकी हलकी होती की हात लागला तरी तारा थरथरायचा, आणि पृथ्वी फिरत असल्यामुळे महत्प्रयासानं पकडलेला तारा मिनिटभरात चौकटीतून निसटून जायचा. पण खरी अडचण दुर्बिणीची नव्हती. ती कुठे रोखायची हेच मला माहीत नव्हतं. दुर्बीण आकाशाचा अगदी इवलासा तुकडा दाखवते. ज्याला गावच ठाऊक नाही, त्याला घर नंबर देऊन काय उपयोग? ती दुर्बीण काही महिन्यांत माळ्यावर गेली, आणि तशा कितीतरी दुर्बिणी मी पुढे इतरांच्या माळ्यांवर पाहिल्या.

त्यापेक्षा स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेलं कालनिर्णय खाली काढा. ते या छंदाचं पहिलं साधन. शहराच्या दिव्यांइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, चंद्राचा उजेड तारे पुसून टाकतो. म्हणून रात्र निवडताना आधी तिथी बघायची. संकष्टीचा उपास करणाऱ्या घरांत हे गणित सगळ्यांना पाठ असतं: वद्य चतुर्थीला चंद्र साधारण नऊच्या सुमारास उगवतो, आणि ताटं तोवर थांबतात. त्यानंतर चंद्रोदय रोज सरासरी ५० मिनिटांनी उशिरा होत जातो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीवर गेलेला असतो. म्हणजे वद्य षष्ठी-सप्तमीपासून अमावास्येपर्यंत संध्याकाळचं आकाश आपलं, आणि अमावास्येनंतरही शुद्ध चतुर्थीपर्यंत चंद्रकोर लवकर मावळते. या पंधरवड्यात पडणारे शनिवार तेवढे पेन्सिलीनं गोल करून ठेवा. पावसाळ्याचे चार महिने मनातून काढून टाका. महाराष्ट्रात खरा हंगाम नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या अखेरपर्यंत, आणि मग पुन्हा एप्रिल-मे.

कालनिर्णयात रोजच्या चौकटीत नक्षत्राचं नावही असतं. ते चंद्राचं नक्षत्र. चंद्र आकाशाची फेरी सुमारे सत्तावीस दिवसांत पुरी करतो, म्हणून त्याच्या वाटेचे सत्तावीस भाग केले, रोजचा एक. एवढंच नव्हे, आपल्या महिन्यांची नावंही तिथूनच आली. ज्या महिन्याच्या पौर्णिमेला चंद्र कृत्तिकांच्या आसपास, तो कार्तिक; मृगशीर्षाजवळ, तो मार्गशीर्ष; मघांजवळ, तो माघ; चित्रेजवळ, तो चैत्र. मराठी माणसाच्या तोंडात आकाशाचा नकाशा लहानपणापासून आहे, फक्त तो वर धरून कधी पाहिलेला नाही. मला या गोष्टीचं फार वाटतं. आपल्याकडच्या मुलाला शाळेत इंग्रजी नावं घोकून ‘ओरायन’ येतं, आणि घरी आजी ‘मृग लागला’ म्हणते ते आणि हे एकच, हे त्याला कुणी सांगत नाही.

‘मृग लागला’ यात एक गोम आहे, ती सांगून टाकतो. शेतकऱ्याचं मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं. पण त्या रात्री बाहेर येऊन मृग शोधाल तर सापडणार नाही, आणि दोष ढगांचा नसेल. पावसाची नक्षत्रं ही सूर्याची नक्षत्रं. जूनमध्ये सूर्यच मृगात असतो, त्यामुळे मृगाचे तारे दिवसा सूर्याबरोबर उगवतात आणि त्याच्याबरोबर मावळतात. सहा महिन्यांनी सूर्य समोरच्या बाजूला जातो, तेव्हा मृग रात्रभर दिसतो. म्हणून मृगाचा पाऊस जूनमध्ये आणि मृगाचं दर्शन डिसेंबर-जानेवारीत.

आपली पहिली रात्र जानेवारीच्या मध्यावरची धरू, वेळ रात्री आठची. अंधारी जागा असेल तर उत्तमच, पण इमारतीच्या गच्चीवरूनही हा धडा होतो. कारण आज फक्त ठळक तारे हवेत. आग्नेयेकडे तोंड करून उभे राहा आणि क्षितिज व डोकं यांच्या मध्यावर बघा. एका तिरप्या ओळीत, सारख्या अंतरावर, सारख्याच तेजाचे तीन तारे दिसतील. आकाशात असं दुसरं त्रिकूट नाही. एकदा दिसलं की जन्मभर चुकत नाही. त्याच्याभोवती चार ताऱ्यांचा मोठा चौकोन. चौकोन म्हणजे मृगाचे चार पाय, आणि मधले तीन तारे म्हणजे त्याच्या पोटात घुसलेला बाण.

बाण कुणी मारला ते बाणच सांगतो. तीन ताऱ्यांची रेघ खाली, आग्नेय क्षितिजाकडे वाढवा. ती थेट एका झगझगीत ताऱ्यापाशी जाते. तो व्याध, रात्रीच्या आकाशातला सगळ्यांत तेजस्वी तारा. आता तीच रेघ उलट्या बाजूला, वर वाढवा. वाटेत तांबूस रोहिणी लागते, आणि आणखी पुढे, जवळजवळ डोक्यावर, चिमुकल्या ताऱ्यांचा झुबका: कृत्तिका. ऐतरेय ब्राह्मणातली कथा हीच आहे. प्रजापती मृगाचं रूप घेऊन स्वतःच्या मुलीच्या, रोहिणीच्या, मागे लागला आणि त्याला बाण मारून थांबवण्यात आलं. कथा सांगणाऱ्यानं आकाशातले तारे क्रमानं ओवले आहेत; ती कथा लक्षात ठेवली की नकाशा लक्षात राहतो. लोकमान्य टिळकांनी याच मृगावर १८९३ साली ‘ओरायन’ हा ग्रंथ लिहिला आणि वसंतसंपात मृगात असतानाच्या काळापर्यंत वेदांचा काळ मागे नेला. त्यांचा निष्कर्ष सगळे अभ्यासक मानत नाहीत, पण ग्रंथ हाती घेण्याआधी निदान मृग पाहिलेला असावा.

आता इथून हलू नका. नवख्या माणसाची घाई अशी की मृग झाला, पुढचं दाखवा. मृगापाशी अर्धा तास थांबलात तर तो स्वतःच पुष्कळ दाखवतो. चौकोनाचे समोरासमोरचे दोन कोपरे बघा. एक काक्षी, तो विस्तवासारखा तांबूस. त्याच्या समोरचा राजन्य, तो निळसर पांढरा. ताऱ्यांना रंग असतात हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण हे दोन तारे आलटून पालटून बघितले की ते डोळ्यांना पटतं. लाल तारा तुलनेनं थंड, निळा जास्त तापलेला. लोहाराच्या भट्टीतल्या लोखंडाचाच नियम. काक्षी २०१९ च्या अखेरीपासून फेब्रुवारी २०२० पर्यंत इतका मंदावला होता की नुसत्या डोळ्यांनी फरक कळत होता. ताऱ्यानं बाहेर टाकलेल्या धुळीनं तो झाकला गेला, असं नंतर दिसून आलं. ज्यांनी आधीच्या हिवाळ्यात मृग नीट पाहून ठेवला होता, त्यांनाच तो फरक कळला.

बाणाच्या तीन ताऱ्यांखाली आणखी एक लहानशी पुसट रेघ लोंबते. तिच्या मधला ठिपका ताऱ्यासारखा टोकदार दिसत नाही, धुरकट दिसतो. तो तारा नाहीच. तो सुमारे १३५० प्रकाशवर्षांवरचा वायूचा आणि धुळीचा ढग आहे आणि त्यात आजही नवे तारे जन्माला येत आहेत. शहरातून तो कदाचित दिसणार नाही. अंधाऱ्या जागी दिसेल, पण त्याला थोडी नजर लावावी लागते, आणि ती कशी लावायची हे शिकण्यासारखं आहे.

दिव्यातून अंधारात आल्यावर डोळ्यांना पूर्ण सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात. बाहुली काही क्षणांतच मोठी होते, पण पडद्यावरचं अंधुक उजेड टिपणारं रसायन हळूहळू साठतं. मोबाइलचा पांढरा उजेड एकदा डोळ्यांवर पडला की ते निघून जातं आणि पुन्हा वीस मिनिटं मोजायची. म्हणून टॉर्चच्या तोंडावर लाल जिलेटिन कागदाची दुहेरी घडी रबरबँडनं बांधा. लाल उजेडानं ते रसायन फारसं बिघडत नाही. दुसरी युक्ती तिरप्या नजरेची. पडद्याच्या मधोमध रंग ओळखणाऱ्या पेशी दाटीनं असतात, त्यांना भरपूर उजेड लागतो. अंधारात कामाला येणाऱ्या पेशी त्या मध्याच्या भोवती असतात. तेव्हा पुसट गोष्टीकडे रोखून न बघता तिच्या किंचित बाजूला बघायचं. कृत्तिकांवर हा प्रयोग करा. सरळ पाहिल्यावर नुसता धुरकट झुबका. नजर जरा बाजूला सरकवली की त्यातून एकेक तारा सुटा होतो. बहुतेकांना सहा मोजता येतात. कार्तिकेयाला वाढवणाऱ्या कृत्तिका सहा, ते उगीच नाही. अंधाऱ्या जागी तरुण डोळ्यांना आठ-नऊही दिसतात. मोजून वहीत आकडा लिहा. पुढच्या महिन्यात दुसऱ्या जागेवरून पुन्हा मोजा. जागा किती अंधारी आहे, याचं ते घरगुती माप आहे.

दुसरं माप आपल्या हातात असतं. हात सरळ लांब करून मूठ धरली की मुठीची रुंदी आकाशावर सुमारे १० अंश भरते, करंगळीचं टोक एक अंश. लहान मुलाचा हात लहान असला तरी त्याची मूठही लहान असते, त्यामुळे हिशेब जमतो. या मुठीनं ध्रुव शोधू. ध्रुव क्षितिजापासून जितका वर, तितके त्या गावाचे अक्षांश. मुंबई १९ अंशांवर, पुणे साडेअठरा. म्हणजे उत्तरेकडे तोंड करून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवल्या की ध्रुव तिथे जरासा खालीच. जानेवारीत संध्याकाळी वायव्येकडे झुकलेली, इंग्रजी एम अक्षरासारखी शर्मिष्ठा त्याची खूण पटवते. ध्रुव हा सगळ्यांत तेजस्वी तारा, ही समजूत फार खोलवर रुजलेली आहे. तेजाच्या क्रमात चाळीसहून अधिक तारे त्याच्या पुढे आहेत. त्याचं मोठेपण जागेवर राहण्यात आहे.

आणि आता महाराष्ट्राला मिळालेली एक देणगी. त्याच जागी वळून दक्षिणेकडे तोंड करा. जानेवारीच्या मध्यावर रात्री अकराच्या पुढे, फेब्रुवारीच्या मध्यावर नऊच्या पुढे, ठीक दक्षिणेला, क्षितिजापासून पुन्हा दोनच मुठींवर एक तेजस्वी तारा दिसेल. तो अगस्ती, व्याधाच्या खालोखाल तेजाचा. पुण्याहून ध्रुव उत्तरेला साडेअठरा अंशांवर आणि अगस्ती दक्षिणेला जास्तीत जास्त जवळजवळ तेवढ्याच उंचीवर. दोन्ही बाजूंना दोन दोन मुठी. लंडनमध्ये राहणाऱ्या मराठी माणसाला ध्रुव उंच दिसतो, पण अगस्ती तिथे कधीच उगवत नाही. मेलबर्नमधल्या माणसाला अगस्ती डोक्याशी, पण ध्रुव त्याला जन्मात दिसणार नाही, आणि मृग दिसतो तो पाय वर केलेला. आपल्याला दोन्ही दिसतात. एवढ्यासाठी तरी दक्षिण क्षितिज मोकळं असलेली जागा शोधावी.

जागेबद्दल थोडं. मुंबईकरांना कर्जतच्या वाटेवरचं वांगणी ठाऊक असतं. खगोल मंडळाच्या कार्यक्रमांत तिथे रात्र काढून आकाश शिकलेली कितीतरी माणसं आहेत. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे. पहिल्या एक-दोन रात्री अशा जाणत्या मंडळींबरोबर घालवल्या तर सहा महिन्यांची वाट सहा तासांत चालून होते. स्वतः जाणार असाल तर ओळखीच्या माणसाचं शेत, मालकाला आधी विचारून, सगळ्यांत चांगलं. गडाच्या कड्यावर, धरणाच्या भिंतीवर रात्री जाऊ नका; वर बघणाऱ्या माणसाचं पायाकडे लक्ष नसतं. जागा उजेडात एकदा फिरून बघा. सतरंजी, कानटोपी, पायमोजे आणि चहाचा थर्मास घ्या. उभं राहून मान दुखवण्यापेक्षा पाठीवर पडा. पडून पाहिलेलं आकाश मोठं असतं.

नकाशाबाबत हमखास गोंधळ होतो तो असा. ताऱ्यांच्या नकाशात उत्तर वर असली तर पूर्व डावीकडे छापलेली असते. शाळेतल्या भूगोलाच्या सवयीनं माणूस म्हणतो, छपाई चुकली. जमिनीचा नकाशा आपण वरून खाली बघतो, आकाशाचा खालून वर. नकाशा डोक्यावर उताणा धरून उत्तर उत्तरेला लावा, पूर्व आपोआप पूर्वेला येते. मोबाइलवर स्टेलॅरियमसारखी साधनं आहेत आणि ती चांगली आहेत, पण ती घरी, निघण्याआधी वापरा. मैदानात पडदा बघत राहिलात तर आकाश बघायचं राहून जातं.

वही मात्र हवीच. तारीख, वेळ, जागा, आणि काय दिसलं. आज रात्री आठला मृग शेजारच्या पाण्याच्या टाकीच्या बरोबर वर आहे, असं लिहा. तासाभरानं बघा, तो दीड मूठ सरकलेला असेल, १५ अंश. उद्या तो त्याच टाकीवर चार मिनिटं आधी येईल. चार मिनिटं कुणाला जाणवत नाहीत, पण महिन्याचे दोन तास होतात. फेब्रुवारीच्या मध्यावर सहाच्या सुमाराला तो टाकीवर असेल, म्हणजे अंधार पडायच्या आतच. पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे आपण ऐकून मान्य केलेलं असतं. टाकीनं ते दिसतं.

वर्षभर असं झालं की मग द्विनेत्री घ्या, दुकानात तिला बायनॉक्युलर म्हणतात. ७×५० किंवा १०×५० आकडा असलेली. पहिला आकडा किती पट, दुसरा भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. कोपर कठड्यावर टेकवून गुरूकडे रोखली तर त्याच्या शेजारी एका ओळीत चंद्र दिसतात, जे गॅलिलिओनं जानेवारी १६१० मध्ये पाहिले. कृत्तिकांचा झुबका त्यात हिऱ्यांची मूठ उधळल्यासारखा फुटतो. देवयानीतली दीर्घिका लांबट धुरकट डागासारखी दिसते. तिचा प्रकाश सुमारे २५ लाख वर्षं प्रवास करून आलेला असतो. शनीची कडी हवी असतील तर मात्र दुर्बीणच लागते, आणि तेव्हा ती कुठे रोखायची हे तुम्हाला माहीत असेल.

एप्रिल उजाडला की मृग पश्चिमेला कलतो आणि उत्तरेला सप्तर्षी वर चढतात. आपल्याकडच्या खेड्यांत सप्तर्षींच्या चौकोनाला बाज म्हणतात आणि शेपटीच्या तीन ताऱ्यांना चोर. गोंड लोकही त्यात बाजच बघतात. बाजेच्या पुढच्या दोन ताऱ्यांची, पुलह आणि क्रतू यांची, रेघ पाचपट वाढवली की ध्रुव. शेपटीची कमान तशीच पुढे वळवत नेली की तांबूस-पिवळी स्वाती, आणि आणखी पुढे पांढरी चित्रा. मेच्या मध्यावर रात्री साडेनऊच्या सुमारास दक्षिणेला, एका मुठीहून जरा वर, त्रिशंकूचे चार तारे उभे असतात. पहिला पाऊस येण्याआधी ते पाहून घ्या.

आणि त्याच दिवसांत सप्तर्षींच्या शेपटीकडे परत या. मधला तारा वसिष्ठ. त्याच्या शेजारी, पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीच्या निम्म्याहूनही कमी अंतरावर, अरुंधती. डोळे सरावू द्या. रोखून पाहू नका, नजर किंचित बाजूला ठेवा. घरातल्या कुणाला सोबत नेलं असेल तर आधी सप्तर्षी दाखवा, मग वसिष्ठ, आणि मग तिला. दिसली की वहीत तारीख लिहा. तो प्रकाश तिथून सुमारे ८० वर्षांपूर्वी निघालेला आहे.